माझ्या वाट्याची शिवी

आमच्या गावात आखाजीला शिव्या खाव्या लागतात. लेकींना सूट आहे, सुनांना नाही.

बाकीच्या महाराष्ट्रात अक्षय्य तृतीया म्हणतात, गुंजभर सोनं घेतात नि मोकळे होतात. आमच्या खानदेशात आखाजी म्हणजे दिवाळीच्या तोडीचा सण. लेकी माहेरी येतात, कडुनिंबाला झोके बांधतात, घरोघरी पुरणपोळी नि आमरस. टोपलीत गहू पेरून बसवलेली गौराई संध्याकाळी पाण्यात सोडायची. आमचं गाव धुळ्याहून सोनगीरकडे जाताना हायवेपासून जरा आत आहे. गावाच्या मधोमध एक नाला. भर उन्हाळ्यात त्यात पाणी कुठलं असणार? म्हणून टँकरवाला तिथल्या खड्ड्यात पाणी ओतून जातो आणि त्यात गौराया बुडवायच्या. नाल्याच्या अलीकडे आमची गल्ली, पलीकडे दुसरी. दोन्हीकडच्या बाया आपापल्या काठावर जमल्या की मग खरी आखाजी सुरू होते. तिकडच्या बाया इकडच्या सुनांना गाण्यातून शिव्या देतात, इकडच्या तिकडच्यांना. घर धरून, ओळीने. कुणाचं कालवण पाणचट, कुणाचा नवरा बायकोच्या पदराला बांधलेला, कुणी शेजारणीची कोंबडी कापून पचवली. काही झाकून ठेवत नाहीत. आणि रागवायचं नाही बरं का. उत्तर द्यायचं, तेही गाण्यात, लगेच. सुचलं नाही तर हरलीस, पुढच्या आखाजीपर्यंत लोक चिडवणार.

मी सावद्याची, केळीच्या मुलखातली. लग्नानंतरची बरीच वर्षं मी आखाजीला माहेरीच जायचे. आई गेली, भाऊ नोकरीसाठी लांब गेला, तिथलं दार बंद झालं. तेव्हापासून सण सासरी. सासरच्या पहिल्याच आखाजीला पलीकडून माझ्यावर गाणं आलं, की हिच्या माहेरी केळीचे मळे पण हिच्या हाताला दानत नाही, पाहुण्याला नुसती साल वाढते. खोटं होतं हो! मी घरात येऊन हमसून हमसून रडले. सासूबाई तेव्हा होत्या. त्या हसत म्हणाल्या, "अगं येडे, शिव्यांत नाव निघालं म्हणजे गावात नाव लागलं. जिला कोणी शिवी देत नाही ती पाहुणी." दुसऱ्या वर्षी मी उत्तर तयार ठेवून गेले आणि पलीकडच्या तिघींना गप्प केलं. त्यानंतर माझी जीभ गावात प्रसिद्ध झाली. सावदावाली म्हणजे तिखट, हे ठरून गेलं. मला ते आवडायचं, कशाला खोटं बोलू?

एक गंमत सांगायची राहिली. माझी मोठी जाऊ, तिला मी अक्का म्हणते, ती याच गावची. तिचं माहेर नाल्याच्या पलीकडे, आपल्या हाकेच्या अंतरावर. गावातल्या गावात दिलेली लेक. वर्षभर आमच्या घरात चूल सांभाळते आणि आखाजीच्या दुपारी टोपली डोक्यावर घेऊन निघते माहेरी. संध्याकाळी पाहावं तर समोरच्या काठावर, त्यांच्या बाजूने! सगळे तिला म्हणतात, इकडचं खाते नि तिकडचं गाते. पण अक्का कधी स्वतः गाणं उचलायची नाही. तिचा आवाज बसका आणि स्वभाव भिडस्त. ती आपली मागे उभी राहून टाळ्या वाजवायची.

तर हे असं चाललं होतं. मग मी आजारी पडले.

आजाराचं नाव बायपोलर. धुळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा माझ्या नवऱ्याला वाटलं, काहीतरी विजेचं आहे. मूड कधी फार वर जातो, कधी फार खाली. आधी वर गेला. मी घरी ब्लाउज शिवायची. गल्लीतल्या बायांची कापडं माझ्याकडे असायची. त्या दिवसांत मला झोपच लागेना आणि थकवाही येईना. वाटायचं, मला सगळं कळतंय, जगातल्या सगळ्या बाया माझ्या बहिणी आहेत. मी सगळ्यांच्या ब्लाउजांना सोनेरी लेस लावली. मागितली नव्हती कोणी! काठाला लावली, बाह्यांना लावली, पाठीला लावली. एका म्हाताऱ्या मावशींच्या पांढऱ्या ब्लाउजालासुद्धा लावली, कारण बठ्ठी गल्ली, सगळीच्या सगळी, नवरीसारखी दिसली पाहिजे, असं माझ्या डोक्यात. नंतर हायवेवर जाऊन ट्रकवाल्यांना जेवायला बोलवायला लागले. तिथून मला धरून आणलं ते थेट दवाखान्यात.

वरचं लोकांनी पाहिलं. खालचं फक्त घराने पाहिलं. दवाखान्यातून आल्यावर काही महिन्यांनी मूड असा खाली गेला की मी भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. केस विंचरायचंही जिवावर यायचं. अक्का मला भरवायची, न्हाऊ घालायची. मला ते आठवतं आणि बऱ्याच गोष्टी आठवत नाहीत. मग डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या, हळूहळू बसल्या त्या. मी उठले. मशीनला तेल घातलं. स्वतःचं पहिलं ब्लाउज शिवलं आणि ते नीट झालं.

मी उठले खरी, पण गावाने मला उठू दिलं नाही.

मी दवाखान्यात असतानाच बाया आपापली कापडं परत घेऊन गेल्या होत्या. ठीक आहे, लेस लावली होती मी, त्यांचं काय चुकलं? पण नंतरही कोणी येईना. भेटल्या की गोड बोलायच्या. इतक्या गोड की अंगावर काटा यायचा. "आराम करा वहिनी, कशाला त्रास घेता?" ज्या बाईने पूर्वी माझ्याशी बाहीच्या इंचभर मापावरून तासभर वाद घातला असता, ती आता माझ्या प्रत्येक शब्दाला "हो हो, बरोबर" म्हणायची. शिवाय गोळ्यांची लपवाछपवी. धुळ्यातल्या औषध दुकानदाराची सासुरवाडी आमच्या गावात, म्हणून तिथून घ्यायच्या नाहीत. माझा नवरा छोट्या टेम्पोवर माल वाहतो, जळगावच्या बाजारात त्याची फेरी असते. तो जळगावहून गोळ्या आणायचा, कांद्याच्या पिशवीत तळाला घालून. चोरीचा माल आणावा तसा.

आणि तो प्रश्न. "गोळी घेतली का?"

मी मुळात तापट बाई. आजाराच्या कितीतरी आधीपासून. माझी आई म्हणायची, हिच्या नाकावर राग नाही, रागावर नाक आहे. पण आता मला राग आला की तो माझा राग नसायचा, आजाराचा असायचा. दूधवाल्याने दुधात पाणी घातलं. अगदी निळसर दूध, लहान पोराला कळेल असं. मी त्याला झापलं. तो माझ्याकडे बघतसुद्धा नव्हता. माझ्या डोक्यावरून माझ्या नवऱ्याकडे बघून म्हणाला, "भाऊ, वहिनींची तब्येत बरी आहे ना?" आणि नवऱ्याने मला हळूच विचारलं, "गोळी घेतली का?" अरे, गोळी मी घेतली, पण दुधात पाणी त्याने घातलंय त्याचं काय! मोठ्याने हसले तरी तेच. टीव्हीवर काही पाहून डोळे भरून आले तरी तेच. कधी गप्प बसले तर अक्का दारातून डोकावणार, "गोळी?" या एका शब्दाने माझं तोंड बंद करायची सोय सगळ्यांना झाली होती. आणि वाईट म्हणजे ते सगळे माझ्या काळजीपोटी करत होते, त्यामुळे भांडताही येईना.

डॉक्टरांना मी एकदा विचारलं, "मला राग येतो, तो आजार आहे का?"

ते म्हणाले, "दुधात पाणी असेल तर राग यायलाच पाहिजे. नाही आला तर मला फोन करा."

मी घरी येऊन नवऱ्याला हे सांगितलं. तो हसला, पण दूधवाल्याला काही बोलला नाही.

दवाखान्यानंतरच्या पहिल्या आखाजीला मी नाल्यावर गेले. गोळ्या बसल्या होत्या, अंगात थोडी ताकद आली होती. पलीकडून गाणं सुरू झालं. आमच्या ओळीतलं पहिलं घर मारवाडी दुकानदाराचं. त्यांची सून राजस्थानातून आलेली, तिलाही सोडत नाहीत, तिच्या तागडीवरून गातात आणि ती बिचारी हिंदी-मराठी-अहिराणीची खिचडी करून उत्तर देते. त्यानंतर आमचं घर. अक्का तर त्यांचीच लेक, म्हणजे शिवी माझी एकटीची. मी पदर खोचला. पलीकडे क्षणभर सामसूम झाली. मग गाणं सुरू झालं ते आमच्या पुढच्या, गुरुजींच्या घराचं.

मला वाटलं, विसरल्या असतील. पण आमच्या काठावरच्या बायांनी माझ्याकडे पाहिलं नाही, सगळ्या एकदम पाण्याकडे बघायला लागल्या. तेव्हा कळलं.

दुसऱ्या आखाजीलाही तसंच. मारवाडी, आणि मग गुरुजी. मधे आमचं घरच नाही. खरं सांगते, ट्रकवाल्यांसमोरून मला ओढत नेलं त्याची मला इतकी लाज वाटली नव्हती. दवाखान्यात हात धरून गोळी भरवली तेव्हाही नाही. पण त्या दोन घरांच्या मधे मला जे वगळलं, तिथे माझा जीव तुटला. मी जिवंतपणी गावातून उठले होते. मला कोणी वाईट बोलत नव्हतं, म्हणजे मी कोणीच नव्हते.

तिसऱ्या वर्षी आखाजी जवळ आली, झोके बांधले गेले, आणि माझं डोकं तापलं. आजाराने नव्हे, माझं नेहमीचं तापणं. मी चपला घातल्या आणि नाला ओलांडून सरळ पलीकडच्या मोठ्या मायच्या अंगणात गेले. मोठी माय म्हणजे अक्काची चुलती. पलीकडची गाणी तीच उचलते, कोणाला काय बोलायचं हे तीच ठरवते. दात गेले तरी जीभ शाबूत. ती खाटेवर बसून चिंचेचे चिंचोके काढत होती. मी तिच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिले.

"मोठी माय, मला शिवी का देत नाही तुम्ही?"

ती चिंच हातात घेऊन माझ्याकडे बघतच राहिली. मग तिने आत हाक मारून सुनेला पाणी आणायला सांगितलं. "बस व माय, बस."

"बसायला नाही आले. उत्तर द्या. मी काय मेले का? घर माझं मधेच आहे ना? मारवाड्याच्या पुढे नि गुरुजींच्या अलीकडे?"

"मांगीसन लेवाले शिवी काय उसनी साखर शे का?" ती म्हणाली. शिवी मागून घ्यायला ती काय उसनी साखर आहे! मला हसू येत होतं, पण मी आवरलं. तिने चिंचेचे हात पदराला पुसले आणि आवाज खाली आणला. "तुनी जाऊनी मना पाय धरात. तिले काही बोलू नका, डॉक्टरनी सांगेल शे, म्हने."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. अक्काने मोठ्या मायचे पाय धरले होते. माझी शिवी अक्काने थांबवली होती.

"डॉक्टरांनी असलं काही सांगितलेलं नाही," मी म्हणाले.

"माले काय मालूम? पोर रडी राहिनी व्हती मन्हापुढे." मोठी माय परत चिंच सोलायला लागली. "आते जाय. तुम्ही जावा-जावा पाहा."

मी कशी घरी आले मला ठाऊक नाही. अक्का स्वयंपाकघरात खाली बसून पुरणाची डाळ निवडत होती. मी दारातूनच सुरू केलं.

"तुम्ही कोण हो सांगणाऱ्या? माझ्या वाट्याची शिवी अडवायला तुम्हाला कोणी सांगितलं होतं?"

अक्काने वर पाहिलं. तिच्या तोंडून सवयीने निघालं, "गो…" आणि ती थांबली. तोंडावर हात ठेवला तिने.

"बोला ना, बोला. गोळी घेतली का! घेतली. रोज घेते. जन्मभर घेईन. मला बरं ठेवते ती. पण अक्का, तुम्ही गावाला सांगून आलात की मी काचेची आहे. आता सगळं गाव मला फडक्यात गुंडाळून फडताळात ठेवतंय. कापडं येत नाहीत शिवायला. कोणी भांडत नाही. पोरंसोरंसुद्धा माझ्या अंगणात चेंडू आला तर न मागता निघून जातात. मला असं ठेवण्यापेक्षा दवाखान्यातच ठेवायचं होतं."

अक्का रडायला लागली. आवाज न करता रडते ती, नाकातून. मला तिची दया आली आणि त्याचा आणखी राग आला.

"तू पाहिलं नाहीस," ती म्हणाली. "तू आत होतीस, तुला काय दिसणार? मी पाहिलंय. तुझं तोंड मी ओल्या फडक्याने पुसायची आणि तुझे डोळे उघडे असून त्यात कोणी नसायचं. मी कानबाईला नवस बोलले. रोज बोलले. तू उठलीस. आता एखादीने काठावरून काही लागट बोललं आणि तू परत तशी पडलीस तर? मला नाही होणार ते परत. मी भित्री आहे, मला माहीत आहे. मला परत ते बघायचं नाही बाई."

मला तिच्या गळ्यात पडावंसं वाटत होतं आणि तिला गदागदा हलवावंसंही वाटत होतं.

"अक्का, शिवी लागून मी नाही पडले. आजाराने पडले. परत पडेन तर आजारानेच पडेन, आणि तेव्हा डॉक्टर आहेत, तुम्ही आहात. पण उभी असताना तरी मला उभी राहू द्या."

तिने पदराने डोळे पुसले. डाळीचं सूप उचललं आणि परसात गेली. त्यानंतर आखाजीपर्यंत आम्ही एकमेकींशी कामापुरतं बोललो. मीठ द्या, भांडं घ्या, एवढंच. नवरा दोघींच्या तोंडाकडे बघत जेवायचा आणि टेम्पोकडे पळायचा. गंमत म्हणजे त्या दिवसांत अक्काने एकदाही मला गोळीचं विचारलं नाही. ओठ घट्ट मिटून घ्यायची, की पाहणाऱ्याला वाटावं दात दुखतोय. मला त्याचंही हसू यायचं, पण अबोला म्हणजे अबोला.

आखाजीच्या दिवशी पुरणपोळ्या झाल्या, पितरांची घागर पुजली, डांगर म्हणजे खरबूज कापलं. दुपारी अक्काने टोपली घेतली आणि माझ्याकडे न बघता नाला ओलांडून माहेरी गेली.

संध्याकाळी मी काठावर गेले. या वेळीही वगळलं तर परत यायचं नाही, पुढच्या वर्षीपासून सणाला दार लावून घरात बसायचं, हे मी मनाशी ठरवून टाकलं होतं. नवऱ्याला सकाळीच सांगितलं होतं. तो टेम्पो लावून काठावर येऊन उभा राहिला. पुरुष सहसा येत नाहीत. मागच्या बाजूला उभा, हात मागे बांधून, शाळेत इन्स्पेक्टर आल्यासारखा. टँकर येऊन गेला होता, खड्ड्यात गढूळ पाणी होतं. पोरींनी गौराया खाली ठेवल्या. इकडून तिकडून मोबाइल वर निघाले, आता सगळ्यांना चित्रण करायचं असतं.

पलीकडे मोठी माय पुढे, अक्का मागे कुठेतरी. सुरू झालं. मारवाड्याची सून आली. तागडी आली, तागडीतला अंगठा आला. तिने झकास उत्तर दिलं, "तुमने उधार लिया तो तागडी खोटी!" दोन्ही काठ हसले. हसू थांबलं. आणि मग ती शांतता. मला ओळखीची झालेली. माझ्या शेजारच्या बाया पुन्हा पाण्याकडे बघायला लागल्या. मोठ्या मायने गुरुजींच्या घराकडे मान वळवली सुद्धा.

तेवढ्यात पलीकडे मागून कोणीतरी वाट काढत पुढे आलं. अक्का. पदर डोक्यावरून घसरलेला, तोंड लाल. मोठ्या मायने तिचा हात धरला, अक्काने तो सोडवला. आयुष्यात कधी गाणं न उचललेली माझी भित्री जाऊ काठाच्या अगदी कडेला येऊन उभी राहिली आणि फाटक्या आवाजात गायली.

"सावदावाली बहू पाहा, कच्ची हिनी पोयी,
जीभ हिनी होयी, नि उशाखाले गोयी!"

पोळी कच्ची, जिभेची होळी आणि उशाखाली गोळी. मी जन्मात कोणाला सांगितलं नसतं की मी गोळ्यांची पट्टी उशाखाली लपवते. ज्या गोळीसाठी माझा नवरा जळगाव गाठत होता, ती गोळी माझ्या जावेने सगळ्या गावासमोर, मोबाइल चालू असताना, यमकात बसवून गायली.

टाळी वाजली नाही. ओळ उचलून धरायची असते, ती कोणी धरली नाही. दोन्ही काठ माझ्याकडे बघत होते. आता ही पडणार, आता ही ओरडणार, आता हिला काहीतरी होणार. मागून नवऱ्याचं पाऊल वाजलं, तो दोन पावलं पुढे आला होता. आणि समोर अक्का उभी, हात पोटाशी घट्ट बांधून. माझ्यापेक्षा ती जास्त घाबरलेली. तिच्या डोळ्यांत मला दिसत होतं, तिने केवढं काय पणाला लावलं होतं ते.

माझ्या पोळ्या कच्च्या? माझ्या? जिला अजून कणीक सैल की घट्ट ते कळत नाही, ती मला बोलते? माझं डोकं असं सणकलं की काय सांगू! कित्येक वर्षांत इतकं छान सणकलं नव्हतं. मी पदर खोचला आणि आवाज लावला.

"गोयी खास मी, नि झोप तुनी गई,
येडी मी का तू व, सांग मनी बाई!"

गोळी मी खाते आणि झोप तुझी उडाली, वेडी मी की तू? वेडी हा शब्द माझ्यासमोर तीन वर्षं कोणी उच्चारला नव्हता. मीच तो नाल्यात फेकला.

आधी मोठी माय हसली. बिनदाताचं, खो-खो. मग पलीकडचा सगळा काठ फुटला, मग आमचा. आमच्या बायांनी माझी ओळ उचलली, "येडी मी का तू व", टाळ्यांवर, पुन्हा पुन्हा. अक्का तिकडे गुडघ्यांवर हात ठेवून हसत होती आणि रडत होती, आणि हातवारे करून म्हणत होती, थांब, घरी ये, दाखवते तुला. माझेही डोळे वाहत होते. नाकही. मी ते पुसायच्या भानगडीत पडले नाही. मला इतका आनंद झाला होता की वाटलं, आता नवरा येऊन तोच प्रश्न विचारणार. पण मागे वळून पाहिलं तर तो मान खाली घालून, तोंडावर रुमाल धरून, खांदे हलवत हसत होता.

शेजारच्या बाईने मला कोपराने ढोसलं. "सरक ना सावदावाले, मला दिसत नाही!" आणि कानाशी येऊन म्हणाली, "माझं एक कापड पडलंय, पण लेस लावलीस तर याद राख." मी तिला म्हटलं, तुझ्या मापाला लेस पुरणार पण नाही. ती फणकारली. मग तिने माझ्याकडे पाठ केली आणि पुढे बघायला लागली, कारण पलीकडून गुरुजींच्या सुनेचं गाणं सुरू झालं होतं.